वेदीपाशी जाण्याआधी

डोंगरावरील प्रवचनात येशूने एक मोठी अडचणीची गोष्ट सांगून ठेवली आहे. माणूस अर्पण घेऊन वेदीपर्यंत पोचला आहे आणि तिथे त्याला आठवतं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काहीतरी आहे. अशा वेळी अर्पण तिथेच ठेवायचं, आधी जाऊन भावाशी समेट करायचा आणि मग परत यायचं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातला हा भाग आपण इतक्यांदा ऐकलेला असतो, की त्यातली गैरसोय जाणवेनाशी झाली आहे. ऐकणारी माणसं गालीलातली, वेदी यरुशलेमात, मधे काही दिवसांची पायपीट. म्हणजे मंदिरापर्यंत पोचलेल्या माणसाने आल्या पावली गावी परतायचं, भावाची समजूत काढायची आणि पुन्हा तीच वाट तुडवायची. तोवर ते कोकरू कुणी सांभाळायचं, हे प्रवचनात सांगितलेलं नाही.

त्याहून टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर जा, असं येशू इथे म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर जा, असं म्हणतो. मला कुणाचा राग आला आहे हे मला पक्कं ठाऊक असतं. त्याची उजळणी मी रात्री अंथरुणातही करतो. माझ्यामुळे कोण दुखावलं आहे, हे मात्र थांबून, आठवून, कधी कधी सरळ विचारून शोधावं लागतं. ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जगण्यातली शांती आणि ममता या शोधापासून सुरू होते, असं मला फार वर्षांपासून वाटत आलं आहे. या संग्रहातले लेख हस्तलिखितात वाचले, तेव्हा ते मत आणखी पक्कं झालं.

हे लेख लिहिणारे बहुतेक जण लेखक नाहीत. परिचारिका आहेत, शाळामास्तर आहेत, दोन-तीन पाळक, एक सिस्टर, एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक, आणि घर सांभाळणाऱ्या बायका. धर्मशास्त्राची परिभाषा त्यांच्या लिखाणात जवळजवळ नाहीच. म्हणून या विषयाचा सगळा परिसर नव्या वाचकाला थोडा दाखवावा, एवढ्यासाठी संपादकांनी मला ही प्रस्तावना लिहायला सांगितली. वाचक ख्रिस्ती असेलच असं मी धरलेलं नाही.

पहिल्या तीन शतकांतल्या ख्रिस्ती मंडळीला सत्ता नव्हती, त्यामुळे शत्रूवर प्रेम करा हा उपदेश तिला फारसा अवघड वाटला नसेल, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याच्या हाती काही नाही त्याला सूड जास्तच गोड लागतो. तरीही इ. स. २९५ मध्ये आजच्या अल्जीरियातल्या तेबेसा इथे मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने, मी ख्रिस्ती आहे, सैन्यात जाणार नाही, एवढंच सांगितलं आणि मान दिली. पुढे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात साम्राज्य आणि मंडळी एकमेकांच्या जवळ आली आणि प्रश्नाचं रूपच पालटलं. राज्य चालवायचं तर तलवार हवी. मग कोणतं युद्ध न्याय्य, याची चर्चा ऑगस्टिनला करावी लागली. ती चर्चा आजही संपलेली नाही, आणि हा संग्रह तिच्यात शिरत नाही.

साम्राज्याशी झालेली ही जवळीक न मानवल्यामुळे काही जण इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिले. त्यांच्या गोष्टी वाचताना मला नेहमी वाटतं, की ही माणसं एकांतासाठी गेली खरी, पण शिकली ती शेजाऱ्यासोबत राहायला. त्यांच्यातला एक मोशे, पूर्वीचा दरोडेखोर. एका बंधूच्या हातून चूक झाली म्हणून सगळे न्यायनिवाड्याला बसले आणि मोशेला बोलावणं धाडलं. तो येईना. पुन्हा निरोप गेला, तेव्हा गळकं भांडं पाण्याने भरून, खांद्यावर घेऊन तो आला. हे काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, माझी पापं अशीच माझ्या मागे सांडत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि आज मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे. बैठक तिथेच मोडली.

सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिला. त्यात पाहुण्याचं स्वागत ख्रिस्ताचं करावं तसं करा, असं आहे. ते पुष्कळांना माहीत असतं. त्याच्या पुढचं कमी जणांच्या लक्षात राहतं. गरीब पाहुण्याकडे जास्त लक्ष द्या, कारण श्रीमंताला मान त्याच्या धाकानेच मिळतो, असं बेनेडिक्ट सांगतो. संस्थेत आयुष्य काढलेल्या माणसाचं हे निरीक्षण आहे. त्याच नियमात सत्कृत्यांची एक लांबलचक यादी आहे आणि तिच्यात खोटी शांती देऊ नये असंही एक कलम आहे. आपल्या मंडळ्यांच्या पंच कमिट्यांनी हे कलम भिंतीवर लावावं. वरून गोड, आतून धुसफूस, आणि मग एक दिवस धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज, असा प्रवास आपल्याकडे किती ठिकाणी झाला आहे हे जाणकारांना सांगायला नको. भांडण दाबून ठेवणं म्हणजे शांती राखणं, हा समज मराठी ख्रिस्ती माणसात फार खोल रुजलेला आहे. अल्पसंख्य समाजाला आपली भांडणं चारचौघांत दिसू नयेत असं वाटतं, हे त्याचं कारण. ते समजण्यासारखं आहे, पण त्याची किंमत नेहमी गप्प बसवलेल्यांनी मोजली आहे.

असिसीच्या फ्रान्सिसचं नाव या विषयात टाळता येत नाही. शांतीचं साधन कर अशी जी प्रार्थना त्याच्या नावावर शाळाशाळांतून म्हटली जाते ती त्याची नाही. ती प्रथम १९१२ साली पॅरिसच्या एका लहानशा मासिकात निनावी छापून आली. प्रार्थना चांगली आहे, म्हणायला हरकत नाही. पण खरा फ्रान्सिस तिच्याहून धाडसी होता. १२१९ मध्ये, पाचव्या क्रुसेडचं युद्ध चालू असताना, इजिप्तमधल्या दमिएत्ताजवळ तो एका साथीदाराला घेऊन शत्रूच्या छावणीत गेला आणि सुलतान अल-कामिलला भेटला. सुलतानाने त्याचं ऐकून घेतलं आणि त्याला सुखरूप परत पाठवलं. त्यामुळे युद्ध थांबलं नाही. दोघांपैकी कुणी धर्मही बदलला नाही. तरी आठशे वर्षांनी त्या युद्धातल्या सरदारांची नावं अभ्यासकांपुरती उरली आहेत आणि ही भेट लोकांच्या ध्यानात आहे.

धर्मसुधारणेच्या काळात शांतीला वाहून घेतलेल्या मंडळ्या निघाल्या. १५२५ साली झ्युरिकमध्ये सुरू झालेले अ‍ॅनाबॅप्टिस्ट, त्यांच्यातून पुढे आलेले मेनोनाइट आणि आमिश. सतराव्या शतकात इंग्लंडमधले क्वेकर. अ‍ॅनाबॅप्टिस्टांमधल्या एका माणसाजवळ थोडं थांबलं पाहिजे. नेदरलँड्समधल्या आस्पेरन गावचा डर्क विलेम्स. प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि इतरांना आपल्या घरी घेऊ दिला, हा त्याचा गुन्हा. कैदेत असताना त्याने चिंध्यांना गाठी मारून दोर केला, खिडकीतून उतरला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळत सुटला. तुरुंगातलं अन्न खाऊन तो वाळला होता, म्हणून पातळ बर्फाने त्याचा भार सोसला. पाठलाग करणारा शिपाई मात्र बर्फ फुटून पाण्यात पडला आणि ओरडू लागला. डर्क मागे वळला. त्याने शिपायाला हात देऊन वर ओढलं. शिपायाला त्याला सोडून द्यावंसं वाटत होतं, पण काठावरून नगराध्यक्षाने त्याला त्याच्या शपथेची आठवण करून दिली. डर्कला पुन्हा धरलं आणि १६ मे १५६९ रोजी जाळलं. ही कथा शिकवताना मुलं हमखास विचारतात, मग काय उपयोग झाला? मला त्या प्रश्नाला बरं उत्तर देता आलेलं नाही. एवढंच दिसतं, की मागे वळायचं की नाही हे ठरवायला डर्कला वेळच नव्हता. तो वळला, कारण आधीच्या कितीतरी लहान प्रसंगी तो वळत आला असणार.

क्वेकरांमधला जॉन वूलमन हा असाच, पण त्याचं सगळं सावकाशीचं होतं. अठराव्या शतकातल्या अमेरिकेतला हा शिंपी घोड्यावरून, पुढे पायी, क्वेकर घरांना भेटी देत हिंडायचा. ज्या घरी गुलाम असत तिथला पाहुणचार घेतला, की निघताना तो त्या गुलामांच्या श्रमाचे पैसे ठेवून जायचा. यजमानावर ओरडायचं नाही. पण आपल्या सोयीखाली कुणाचे कष्ट दबलेले आहेत हे नजरेआडही करायचं नाही. यजमान किती अवघडत असतील ते सांगायला नको! वूलमन १७७२ मध्ये गेला. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्याला क्वेकर राहता येणार नाही असं ठरवलं. भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे हे शोधायचं, आणि तो भाऊ माझ्याच ताटात वाढणारा गुलाम असू शकतो हे मान्य करायचं, असा हा डोंगरावरील प्रवचनाचा अर्थ वूलमनने काढला.

या धाडसी मंडळींच्या शेजारून दुसरा एक प्रवाह वाहत आला आहे. तो स्वयंपाकघराचा, धुणीभांड्यांचा. पॅरिसच्या कार्मेलाइट मठातला ब्रदर लॉरेन्स जुना सैनिक, पायाने अधू, आणि स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा असलेला. त्याला नेमकं स्वयंपाकघरातच काम मिळालं आणि तव्यावरचं अंडं परतताना देवाचं सान्निध्य राखायला तो शिकला. १६०९ साली फ्रान्सिस द सालने संसारी माणसांसाठी भक्तीची वाट दाखवणारं पुस्तक लिहिलं. इतरांशी सौम्यपणे वागा, असं सगळेच सांगतात. स्वतःच्या चुकांशीही सौम्यपणे वागा, हे त्याने सांगितलं. स्वतःवर सतत चरफडणारा माणूस घरातल्यांना सुखाने जगू देत नाही, हे त्याने हेरलं होतं.

आणि लिझ्यूची तेरेसा. चोविसाव्या वर्षी, १८९७ मध्ये क्षयाने गेलेली ही मुलगी नॉर्मंडीतल्या एका बंदिस्त मठाबाहेर फारशी कुठे गेली नाही. तिच्या आत्मकथनात तिचे महान शत्रू कोण, तर प्रार्थनेच्या वेळी मागे बसून सतत बारीक खुडखुड आवाज करणारी एक सिस्टर, आणि कपडे धुताना मळकं पाणी तोंडावर उडवणारी दुसरी. तेरेसाने तोंड पुसलं नाही, कारण पुसलं की त्या बाईला कळेल. तिसरी एक सिस्टर तिला मुळीच आवडत नसे. तिला तेरेसा भेटेल तेव्हा हसून बोलायची, तिची कामं करायची. शेवटी त्या बाईनेच विचारलं, माझ्यात तुला एवढं काय आवडतं? हा प्रसंग वाचून हसू येतं, आणि मग थोडी शंकाही येते. हे ढोंग नाही का? ख्रिस्ती परंपरेचं उत्तर साधारण असं आहे, की प्रेम ही आधी कृती आहे आणि भावना आली तर मागून येते. मला हे उत्तर तेरेसाच्या बाबतीत पटतं, प्रत्येकाच्या बाबतीत पटत नाही. पुढे गप्प सोसण्याविषयी बोलायचंच आहे, तिथे त्याचं कारण येईल.

विसाव्या शतकाकडे जाताना टॉलस्टॉयचं पुस्तक, ते दक्षिण आफ्रिकेत वाचून हललेले गांधीजी, आणि गांधीजींकडून शिकून पुन्हा डोंगरावरील प्रवचनाकडे वळलेले मार्टिन ल्यूथर किंग, ही साखळी सर्वांना माहीत आहे. तिच्यातली एक कडी मला नेहमी अस्वस्थ करते. अप्रतिकाराचा संदेश जगाला देणारे टॉलस्टॉय वयाच्या ८२व्या वर्षी रात्री घर सोडून निघाले आणि अस्तापोवोच्या रेल्वे स्टेशनवर वारले; ज्या बायकोशी अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला तिला, ते शुद्धीत असेतो, जवळ येऊ दिलं गेलं नाही. त्यांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. जगाची शांती आणि माजघरातली शांती या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि एकीत पारंगत असलेला दुसरीत नापास होऊ शकतो. जर्मनीत नाझींच्या काळात दिट्रिख बोनहोफर तरुण पाळकांची एक छोटी पाठशाळा चालवत होता. तिथे एक नियम होता: गैरहजर बंधूविषयी बोलायचं नाही, आणि तोंडून गेलंच तर त्याला जाऊन सांगायचं. हिटलरशी झुंजणाऱ्या माणसाला चहाड्यांच्या बंदोबस्तालाही एवढं महत्त्व द्यावंसं वाटलं, याची मला फार गंमत वाटते.

आता आपल्या मुलखाकडे. इथे मात्र आधी दुसऱ्याच्या मनात आपल्याविषयी काय आहे, ते सांगूनच सुरुवात केली पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्सचं १६१६ सालचं 'क्रिस्तपुराण' हे आपलं भूषण. मराठी भाषेवर त्याने केलेलं प्रेम अस्सल आहे. पण ते जिथे लिहिलं त्या गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चालू होतं आणि ते कायमचं बंद व्हायला १८१२ साल उजाडलं. देवळं पाडली गेली, माणसं घरदार आणि देव घेऊन सीमेपार गेली. आपले पूर्वज त्यात नव्हते, आपण प्रोटेस्टंट, आपण मराठवाड्यातले, असं म्हणून सुटका करून घेता येते. मी ती घेत नाही. शांतीच्या गोष्टी करणाऱ्याकडे शेजारी संशयाने पाहतो, तेव्हा त्या संशयाला इतिहास असतो.

एकोणिसाव्या शतकातल्या मिशनकार्याने शाळा दिल्या, दवाखाने दिले, १८४२ पासून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक दिलं. दुष्काळात धान्य दिलं. हे सगळं खरं, आणि घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दुसरंही एक खरं आहे. दया वरून खाली येते तेव्हा घेणाऱ्याला सतत मान वर करून बघावं लागतं. दुष्काळातले ख्रिस्ती म्हणून जो टोमणा आमच्या आजोबा-पणजोबांनी ऐकला, तो बाहेरच्यांनी मारला तसा आतल्यांनीही मारला. पूर्वीची जात देवळाच्या दारात गळून पडली, असं आपण साक्षीच्या सभेत सांगतो. सोयरीक जुळवताना ती बरोबर उचलून घेतो. या संग्रहातल्या एका लेखिकेने हा विषय ज्या सरळपणे मांडला आहे तसा मी मराठी ख्रिस्ती लिखाणात फारसा वाचलेला नाही.

पंडिता रमाबाईंना भुकेची ओळख पुस्तकातून झाली नव्हती. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणि विधवा केडगावला आणल्या, तेव्हा नुसतं अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. मुक्तीसदनात शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेल होतं. मिळवती झालेली बाई मान वर करून बघत नाही, समोर बघते. याच रमाबाईंच्या शारदासदनातून १८९३ मध्ये, इथे मुलींना बाटवतात म्हणून पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. ममतेमागे हेतू असतो का, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासून आहे, आणि विचारणारे सगळेच दुष्ट नव्हते.

मराठीत या विषयावरचं सर्वांत चांगलं पुस्तक उपदेशाचं नाही. ते लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, संसार मोडला, आणि पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. त्याआधी, नवऱ्याकडे परतल्यावरही, त्या काही काळ आपलं सोवळं सांभाळत होत्या आणि टिळक ते सांभाळू देत होते, ही गोष्ट मला त्यांच्या अभंगांइतकीच मोलाची वाटते. जात माणसांनी केली, देवाने नाही, हे ज्या दिवशी त्यांच्या मनाने घेतलं त्या दिवशी त्यांनी आपणहून ते सोडलं. एरवी हे घर काही शांतीचं नंदनवन नव्हतं. टिळक शीघ्रकोपी, उधळ्या हाताचे. येईल त्याला देणार आणि घरात काय शिजणार याची चिंता बायकोवर. लक्ष्मीबाईंनी ते हसत लिहिलं, पण काही झाकलं नाही. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. तुकोबांच्या घरीही हिशेब जिजाईच ठेवत असावी.

स्वातंत्र्यानंतरच्या काळातलं एकच उदाहरण देतो. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केलं. लगोलग दुष्काळ आला. गावोगाव विंधनविहिरी घ्यायच्या होत्या. पाण्याची जागा शोधणाऱ्या तज्ज्ञाला त्यांनी सांगितलं, पाणी दलित वस्तीत शोध. पाणी तिथे लागलं, की पाटलाच्या घरच्या बाईलाही हंडा घेऊन तिथे यावं लागणार. भाषण नाही, मोर्चा नाही, कुणाला शिवी नाही. पुढे त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं आणि त्या बाळंतपणासाठी सगळ्यांच्या उंबरठ्याआत गेल्या. मिशनच्या जुन्या दयेतला वरचा-खालचा हा भेद जामखेडने मोडून काढला. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईच्या चळवळीत पाण्यासाठी आणि जमिनीसाठी गावकऱ्यांना संघटित केलं, तेव्हाही शांती म्हणजे तंटा टाळणं नव्हे हेच दिसलं. तिथे धाक घालणारे लोक होते आणि समोर उभं राहावं लागत होतं.

आज हे पुस्तक का? महाराष्ट्रात ख्रिस्ती माणूस शंभरात एकही भरत नाही. म्हणजे आपला शेजारी जवळजवळ नेहमीच दुसऱ्या धर्माचा. नाताळात करंज्यांची ताटं शेजारी जातात, दिवाळीत भरून परत येतात. ही देवाणघेवाण अजून टिकून आहे, पण तिच्यात हल्ली एक अवघडलेपण शिरलं आहे. आजारी शेजाऱ्यासाठी प्रार्थना करू का, असं विचारतानाही माणूस दोनदा विचार करतो. यावर दोन सोपे मार्ग लोक काढतात. एक म्हणजे आपल्यातच मिटून जाणं. दुसरा म्हणजे मोबाइलवरच्या गटात दिवसभर कुढणं आणि संतापाचे निरोप पुढे ढकलणं. दोन्हींत शेजारी हरवतो.

अशा वेळी येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट नीट वाचावी. लुटून रस्त्यात टाकलेल्या जखमी माणसाला तिच्यात एक शोमरोनी वाटसरू मदत करतो. आपण सगळे स्वतःला त्या शोमरोन्याच्या जागी ठेवतो. येशूच्या श्रोत्यांना ते शक्यच नव्हतं. शोमरोनी त्यांच्या लेखी परका, तिरस्काराचा. त्यांच्यासाठी उरलेली जागा एकच होती, रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाची. परक्याच्या हातून मदत घेता येणं हीही ख्रिस्ती साधना आहे आणि आपण तिच्यात कच्चे आहोत. शिवाय त्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, कमी पडले तर येताना देतो म्हणाला आणि आपल्या कामाला गेला. जखमी माणसाला त्याने नाव विचारल्याचंही लूक लिहीत नाही. हेतूविषयीच्या संशयाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

घरातली परिस्थितीही बदलली आहे. मुलं पुण्याला किंवा परदेशात, म्हातारी माणसं गावातल्या बंगल्यात, त्यांना सांभाळायला एक बाई. त्या बाईच्या सुट्टीचा दिवस कोणता, ती जेवते कुठे बसून, हे प्रश्न रविवारच्या प्रवचनात येत नाहीत. मिस्सामध्ये शांतीचं चिन्ह देताना आपण डावी-उजवीकडे हात जोडतो. ज्याच्याशी तीन वर्षं अबोला आहे तो चार बाकं पुढे बसलेला असतो आणि विधी आटोपतो. या संग्रहाने आपली नजर त्या चार बाकांच्या अंतरावर ठेवली आहे. वॉर्डात रात्री दोन वाजता अंगावर धावून आलेल्या नातेवाइकाला खुर्ची देऊन आधी बसवणारी परिचारिका, भाऊबंदकीत पडलेला बांध पुन्हा मोजायला स्वतःहून तलाठ्याकडे जाणारा शेतकरी, वर्गातल्या मुलाची सर्वांदेखत माफी मागणारे मास्तर. काही लेखांत उपदेश जास्त झाला आहे. संपादकांनी कात्री थोडी अधिक चालवायला हवी होती असं मी त्यांना कळवलं आहे. पण खोटं कुठे वाटलं नाही.

क्षमेविषयी मात्र लेखकांचं एकमत नाही. ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं यांना गाडीत जाळून मारलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपद्यातल्या कुष्ठरोग्यांचं काम त्या पुढे चालवत राहिल्या. हे उदाहरण इथे बऱ्याच जणांनी घेतलं आहे, आणि ते घ्यावं असंच आहे. पण तिथे खटलाही चालला आणि शिक्षाही झाली, हे त्यांच्यापैकी एकीनेच लिहिलं आहे. क्षमा केली म्हणून कायद्याचं काम थांबत नाही.

हा मुद्दा घरात आला, की पेचाचा होतो. दोन लेख नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईविषयी आहेत. एका ज्येष्ठ पाळकांनी संयमाने आणि प्रार्थनेने सावरलेल्या एका संसाराची हकिकत दिली आहे. दुसरा लेख एका समुपदेशक बाईंचा आहे. क्षमा कर, घर मोडू नकोस, असं सांगून मंडळीने परत पाठवलेल्या बायका पुढे कोणत्या अवस्थेत आपल्याकडे आल्या, ते त्यांनी लिहिलं आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा प्रत्येक पाळकाला तोंडपाठ हवा असा आग्रह धरला आहे. तेरेसाने तोंडावरचं मळकं पाणी पुसलं नाही, हे तिने स्वतः निवडलेलं होतं. मार सोसणं कुणी निवडत नाही, आणि ते निवड असल्यासारखं तिला शिकवणं म्हणजे बेनेडिक्ट ज्या खोट्या शांतीला नको म्हणतो तीच पदरात टाकणं. वेदीवरून मागे फिरायचं आहे ते नवऱ्याने. त्यामुळे मी बाईंच्या बाजूचा आहे. संपादकांनी ते दोन लेख शेजारी शेजारी छापले आहेत आणि खाली कोणतीही टीप दिलेली नाही. पाळकांनी आपला लेख बाईंचा लेख वाचल्यानंतरही मागे घेतला नाही, त्यात एक परिच्छेद मात्र वाढवला. तो वाचकांनी वगळू नये.